१८४ मिलीव्होल्ट

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायचा पगार घेतो. गेल्या श्रावणात पुण्याचा भाचा घरी आला, खिशातून पत्त्यांच्या कॅटाएवढा, गाणी ऐकायचा एक काळा प्लेअर काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "मामा, तू क्वालिटीवाला. तूच सांग, तुझ्या त्या जुन्या डबड्यापेक्षा हा किती पट भारी आहे."

जुनं डबडं म्हणजे माझा आठ वर्षांचा प्लेअर. एका कोपऱ्याचा रंग उडालाय, बटण दोनदा दाबावं लागतं, पण त्यात माझी सगळी गाणी आहेत आणि कंपनीच्या बसमध्ये रोजचा पाऊण तास त्याच्या जिवावर जातो. नव्याची किंमत भाच्याने सांगितली नाही. बायकोने विचारली, तेव्हा त्याने विषय बदलला. गणपतीत येईन तेव्हा परत नेतो म्हणाला आणि प्लेअर ठेवून गेला.

त्याच रात्री जेवण झाल्यावर मी बसलो. माझे इअरफोन आधी जुन्याला लावले, मग नव्याला. दोन्हींवर एकच विलंबित ख्याल. आवाज कानाला सारखा वाटेल असा ठेवला आणि वहीत लिहिलं: "नवा: तबल्याचा डग्गा भरीव, घुमारा जास्त वेळ टिकतो. गळा जवळ आल्यासारखा. तानपुऱ्याची जवारी मोकळी. जुना: सपाट, थोडा कोरडा." शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली. भाच्याला कळवूनही टाकलं की बाबा रे, फरक आहे, चांगलाच आहे.

ती वही आजही माझ्याकडे आहे. मुलगी पाहुण्यांना वाचून दाखवते.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आमचा वार्षिक अभ्यास होता. तीन इन्स्पेक्टर, पन्नास नग, प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा तपासून पास की फेल सांगायचं. नगांवरचे नंबर इन्स्पेक्टरला दिसू द्यायचे नाहीत. नंबर दिसला की माणूस नग बघत नाही, मागच्या वेळी आपण काय म्हणालो ते आठवतो. नवीन लागलेला पोरगा नंबरांवर चिकटपट्टी लावत होता आणि मी त्याला नेहमीचं भाषण देत होतो: "आधी तपासणाऱ्याला तपासायचं, मग नग." बोलता बोलता माझी जीभ अडखळली. काल रात्री मी नंबर बघूनच नग तपासला होता. गेज, म्हणजे मोजायचं साधन, खरं मोजतंय का ते न तपासता, आणि इथे गेज म्हणजे माझे स्वतःचे कान.

घरी येताना एम. जी. रोडवर उतरलो. मागच्या गल्लीत सुट्या भागांचं एक दुकान आहे. तिथून एक डीपीडीटी टॉगल, म्हणजे दोन जोडण्या एकदम बदलणारा खटका, साडेतीन मिलिमीटरची तीन सॉकेट, थोडी वायर आणि प्लास्टिकची डबी असं दीडशेच्या आत सामान घेतलं. दुकानदाराने "काय बनवताय?" विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा ब्लूटूथ घ्या ना."

सर्वांत आधी आवाजाची पातळी. मल्टिमीटर घरात होताच. त्यात एक गोम आहे, आणि ती सांगतो, कारण माझी एक संध्याकाळ तिच्यात गेली. साधा मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झ विजेसाठी बनवलेला असतो. १००० हर्ट्झचा सूर दिला की त्याचा आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून १०० हर्ट्झचा सलग सूर दोन्ही प्लेअरमध्ये टाकला, जुनी ऑक्स वायर कापून टोकं उघडी केली आणि इअरफोन लावलेले असतानाच व्होल्टेज मोजलं. इअरफोन काढून मोजलं तर आकडा फसवा येतो. ते का, ते पुढे येईलच.

आदल्या रात्री कानाला "सारखा" वाटलेला आवाज: जुना १८४ मिलीव्होल्ट, नवा २३१. हिशेब केला तर जवळजवळ २ डेसिबल. नवा तेवढा मोठा वाजत होता.

इतका फरक मला कसा कळला नाही? कळला होता, फक्त त्याला मी भलतं नाव दिलं. दीड-दोन डेसिबल जास्त असले की "मोठं आहे" असं सहसा वाटत नाही. "भरीव आहे", "जवळ आहे", "मोकळं आहे" असं वाटतं. त्यात खर्जाचा आणखी एक हिशेब. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते मधल्या सुरांपेक्षा झपाट्याने वर येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून ठेवलंय. म्हणजे माझ्या वहीतला तो भरीव डग्गा बराचसा आवाजाच्या बटणात होता. दुकानात प्लेअर ऐकायला गेलात आणि विक्रेत्याने महागडा जरा मोठा लावला, तर त्याला बाकी काही बोलायची गरज नाही. काही प्लेअरना इअरफोन लावायला ४.४ मिलिमीटरचं वेगळं 'बॅलन्स्ड' भोक असतं. त्यातून व्होल्टेज सहसा जास्त निघतं, आणि लोक म्हणतात आवाज 'उघडला'.

नव्याचा आवाज एकेक पायरी खाली आणला, एका पायरीवर १८१ मिलीव्होल्ट मिळाले. फरक ०.१४ डेसिबल. इतका चालतो. जुन्याची पायरी १८४ वर तशीच ठेवली आणि दोन्हींवर चिकटपट्टी लावली. तो १८४ चा आकडा पुढचा महिनाभर आमच्या घरात मंत्रासारखा होता. मुलगी जेवायला हाक मारतानाही "बाबा, एकशे चौऱ्यांशी!" म्हणायची.

डबीही तयार झाली. दोन प्लेअर आत, एक इअरफोन बाहेर, मधे खटका. नाणं उडवायचं आणि खटका फिरवायचा हे काम बायकोकडे. छापा आला तर नवा, काटा आला तर जुना. ती माझ्या पाठीमागे बसणार, दुधाच्या हिशेबाच्या वहीत खरं काय ते लिहिणार, मी नुसतं "नवा" किंवा "जुना" म्हणायचं. खटक्याच्या टक्-टक् वरून अंदाज येऊ नये म्हणून दर वेळी तिने तो चार-पाचदा उगाच फिरवायचा.

आता प्रश्न शांततेचा. आमचं घर गंगापूर रोडच्या बाजूला आणि गणपतीच्या आधीचा महिना. संध्याकाळी ढोल पथकांचा सराव. कानात इअरफोनची रबरी बोंडं कितीही घट्ट कोंबा, ढोल छातीतून आत येतो. दिवसा ओझरच्या विमानतळाकडून एखादं सुखोई लढाऊ विमान डोक्यावरून जातं, तेव्हा तर गाणं थांबवून वर बघण्याशिवाय इलाज नसतो. शेवटी रात्री साडेअकराची वेळ ठरली. कारखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र एका रात्रीपुरतं रीतसर सही करून आणलं होतं. पंखा बंद, खिडक्या बंद: ३३ डेसिबल. हा आकडा लक्षात ठेवा.

पहिली फेरी. दोन्ही प्लेअर बायकोने एकदमच सुरू केले, खटका फिरू लागला, आणि मी धडाधड सांगत गेलो. दहापैकी दहा बरोबर.

मी उठलो आणि पावणेबाराला चहा ठेवला. नुसत्या नशिबाने दहापैकी दहा यायची शक्यता हजारात एक. माझ्या कानांनी प्रेस शॉपचा गोंगाट सोसूनही इतकी धार राखलीय, या आनंदात मी दोन कप ओतले. बायको म्हणाली, "आता मी बसते." ती वीस वर्षं गाणं शिकतेय, सकाळी तानपुऱ्यावर रियाज करते. मी नाणं उडवलं. तिचेही दहापैकी दहा.

"बघ! किती स्पष्ट फरक आहे."

"अहो, कसला फरक? सुराकडे मी लक्षच दिलं नाही. खटका एका बाजूला गेला की समेवरची थाप दुसऱ्यांदा ऐकू येते, दुसऱ्या बाजूला गेला की मात्रेचा तुकडा गळतो. दोन्ही एका लयीत कुठे चाललेत?"

मी पुन्हा कानाला लावलं. नवा अर्ध्या सेकंदाने मागे होता. एकदम बटणं दाबली तरी त्याला फाईल उघडायला वेळ लागायचा. मी दहा वेळा आवाजाचा दर्जा ओळखला नव्हता, उशीर ओळखला होता, आणि तेही नकळत. ती खोटं बोलली असती तर मी आजही ते दहा गुण मिरवत असतो. चहा गार झाला.

मग रीत बदलली. दर वेळी एकच प्लेअर सुरू, तोच वीस सेकंदांचा तुकडा, पहिल्यापासून. वीसच सेकंद, कारण आवाजाचे बारकावे मनात फार टिकत नाहीत. सकाळी ऐकलेल्या प्लेअरची संध्याकाळच्या प्लेअरशी तुलना करणारे लोक मला तेव्हापासून ज्योतिष्यांसारखे वाटतात. तीन रात्री गेल्या. माझे दहापैकी सहा, तिचे पाच.

सहा आले म्हणून मला आतून जरा बरं वाटलं होतं. मुलगी बारावीला, तिने लगेच वहीत मांडलं: नुसतं नाणं उडवून दहापैकी सहा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ३८ टक्के. नऊ किंवा जास्त यायची साधारण १ टक्का. "बाबा, नऊ आणा, मग बोलू."

एका रात्री मात्र नवा अगदीच पोकळ वाटला, डग्गा गायबच. मी आनंदाने ओरडणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की डाव्या कानातलं रबरी बोंड नीट बसलेलं नाही. या प्रकारच्या इअरफोनमध्ये कानाशी फट राहिली की खर्ज अक्षरशः ओसरतो. दोन प्लेअरमधल्या फरकापेक्षा ही फट कितीतरी मोठी. दुसऱ्या दिवशी मी दीडशे रुपयांची तीन मापांची बोंडं आणली. डाव्या कानाला मोठं लागतं आणि उजव्याला मधलं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

तपासणाऱ्याला तपासायचं राहिलंच होतं. कंपनीत दरवर्षी कान तपासतात. तो कागद काढला. डाव्या कानात ४००० हर्ट्झपाशी खड्डा आहे. गोंगाटात काम करणाऱ्याच्या तक्त्यात तो नेमका तिथेच येतो. वरची हद्द घरी बघितली. सूर हळूहळू चढवत नेला, मला १३ हजारांपाशी खोली शांत झाली. मुलगी म्हणाली, "अजून वाजतंय, बाबा," आणि १७ हजारांच्या पुढेपर्यंत वाजतंय म्हणत राहिली. कोणता आवाज ऐकू येत नाही हे पोरीने सांगायचं आणि बापाने मान डोलवायची. प्लेअरच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत '४० किलोहर्ट्झपर्यंत' लिहिलं होतं.

खोक्याचं निघालंच आहे तर सांगतो. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. त्यातून २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर येतात आणि सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. माझी खोली ३३ ला शांत. त्यावर ९६ चढवले की १२९. तिथे गाणं ऐकायचं नसतं, तिथून पळायचं असतं. आता २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाईली हव्यात म्हणणाऱ्याने ध्वनिमुद्रण करताना जरूर घ्याव्यात, तिथे त्यांचा उपयोग आहे. बसमध्ये ऐकताना मला तरी नाही.

फाईल मात्र वाईट असेल तर कळतं. त्याच प्लेअरवर तोच तुकडा मूळ सीडीवरून आणि सेकंदाला १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत ऐकला. बायकोचे दहापैकी नऊ, माझे सात. ती म्हणाली, तबल्याच्या चाटीवरचा, म्हणजे कडेवरचा, 'ना' ऐका, थाप पडायच्या आधीच किंचित धूळ उडते. तिने सांगितल्यावर मी ऐकला, खरंच उडत होती. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे पाडून दाबते आणि तुकड्यात मधेच एकदम थाप आली की चुकीचा थोडा अंश थापेच्या आधीही पसरतो. ३२० वर गेल्यावर दोघांचीही दांडी उडाली.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता.

"मामा, तू इअरफोन कुठले वापरलेस? तुझेच? अरे, मग कसं कळणार! आणि यात आगीच्या आधीची चिप आहे."

चिपची गोष्ट अशी की जपानमधल्या नोबेओकात असाही कासेई कंपनीचा कारखाना ऑक्टोबर २०२० मध्ये जळाला. तिथे बनणाऱ्या, फाईलीतल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपा मिळेनाशा झाल्या, बऱ्याच कंपन्यांना आपले प्लेअर दुसऱ्या चिपेभोवती नव्याने आखावे लागले, आणि जुन्या चिपेचे प्लेअर एकदम सोन्याचे झाले. आमच्याकडे पुरवठादार बदलला की नवीन नग जुन्याशी ताडून बघतो, मोजतो, सही करतो. इथे आठवण पुरते. पण इअरफोनचा त्याचा मुद्दा रास्त होता. गेज बदलून बघायला हवा. शेजारचा मुलगा पुण्याहून येणार होता, त्याच्याबरोबर भाच्याने त्याचे इअरफोन पाठवले. एकेका कानात चार-चार बारके ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, बॅलन्स्ड आर्मेचर नावाच्या प्रकारचे.

पुन्हा १०० हर्ट्झ, पुन्हा पातळी जुळवली, पुन्हा साडेअकरा. आणि पाचव्या फेरीपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी विचारच करत नाहीये. जुन्यावर गायिकेचा आवाज पदराआडून आल्यासारखा होता, नव्यावर समोर. दहापैकी नऊ. मुलगी झोपली होती, तिला उठवून सांगितलं.

शिवाय जुन्यावर, गाणं थांबलं की मागे एक बारीक 'स्स्स', लांब कुठेतरी पाऊस लागल्यासारखा. माझ्या इअरफोनवर तो कधीच ऐकू आला नव्हता. हे जास्त संवेदनशील, त्यांनी तो उघडा पाडला. गाणं भरात असताना दबतो, पण आलापात गायक श्वास घेतो तेवढ्यात येऊन जातो.

नऊ आले म्हणजे कारण शोधायला हवं. रिजेक्शन टाकून मोकळं होणं ही माझी सवय नाही. पुन्हा त्या दुकानात गेलो आणि ३३ ओमचे रेझिस्टर, म्हणजे विजेला विरोध करणारे बारके भाग, आणले. काहीही न जोडता जुन्यातून २०० मिलीव्होल्ट निघतील असं ठेवलं, मग ३३ ओम जोडला. आकडा १५४ वर घसरला. नव्याचा २०० वरून फक्त १९४. हिशेब सोपा आहे: जुन्याच्या पोटात स्वतःचाच सुमारे १० ओम विरोध आहे, नव्याच्या १ ओम. नळ तोच, पण एकाची तोटी अरुंद.

माझ्या साध्या इअरफोनचा विरोध सगळ्या सुरांना जवळजवळ सारखाच. त्यामुळे जुना प्लेअर सगळे सूर सारखेच खाली आणायचा; पातळी जुळवली की विषय संपला. भाच्याच्या इअरफोनचं तसं नाही. त्याने कुठून तरी त्यांचा मोजलेला आलेख पाठवला: विरोध एका सुराला ४० ओम, तर दुसऱ्या सुराला १२. दहा ओमच्या प्लेअरवर या दोन सुरांत ३ डेसिबलहून जास्त तफावत पडते, एक ओमच्या प्लेअरवर अर्धा डेसिबल. म्हणजे जुना प्लेअर भाच्याच्या इअरफोनचा स्वभावच बदलत होता. पदर तिथून आला होता. इअरफोनचा विरोध प्लेअरच्या निदान आठपट असावा असा जाणकारांचा एक आडाखा आहे. १२ ला १० लावल्यावर काय उरणार?

चिपेचा यात कुठे संबंध आला नाही. येतही असेल, पण माझ्या नाण्याला दिसला नाही.

गौरी जेवायच्या दिवशी भाचा आला. पुरणपोळीनंतर मी वही, आलेख, रेझिस्टर सगळं चटईवर मांडलं. त्याने नीट ऐकून घेतलं, दोनदा हिशेब तपासला. मग म्हणाला, "म्हणजे भारी आहे की नाही?"

"तुझ्या इअरफोनवर आहे. माझ्या इअरफोनवर दोन्ही सारखे."

"हे काय उत्तर झालं?"

आमच्या ऑडिटलाही साहेब असंच म्हणतात.

तेवढ्यात बायको आतून पदराला हात पुसत आली. गेले पंधरा दिवस पहाटे साडेपाचला ती नव्या प्लेअरवर काळी तीन पट्टीच्या तानपुऱ्याचा ट्रॅक लावून बसत होती, हे मला माहीत होतं. का, ते विचारलं नव्हतं. ती भाच्याला म्हणाली, "अरे, तुझ्या मामांच्या प्लेअरवर तानपुरा संपून परत सुरू होताना अर्धा क्षण बंद पडतो. सा लावलेला असतो आणि पायाखालची फरशीच निघून जाते. तुझ्यावर जोड कळतच नाही." मी तपासलं. जुना एमपीथ्रीच्या दोन्ही टोकांची रिकामी जागा वगळत नाही, ती तशीच वाजवतो. आठ वर्षांत मला कळलं नव्हतं, कारण मी एकच ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐकत नाही.

"मग मामी, तू ठेव दसऱ्यापर्यंत," भाचा म्हणाला, आणि म्हणताना त्याचा चेहरा मी बघितला. मामीने लगेच हो म्हटलं.

इअरफोन त्याने पिशवीत टाकले. निघताना खटक्याची डबी उचलली, दोनदा टक्-टक् करून बघितली. "मामा, ही नेऊ का? ऑफिसात एकाने ऐंशी हजारांचा घेतलाय." मी त्याला १०० हर्ट्झची फाईल दिली आणि सांगितलं, दोन्ही प्लेअर एकदम सुरू करू नकोस.